नॅस दुपारी गायब होतं: शोकेस, वळीव आणि साडेपाच तासांचा घोळ

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याला हेच होतंय त्याने पुढे वाचावं. घरच्या नेटवर्कवर ठेवलेलं दोन डिस्कचं नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना नेटवर्कवरून फाइली ठेवता येतात असं डिस्कचं यंत्र, चार-सहा दिवस नीट चालतं आणि मग एक दिवस दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला कॉम्प्युटरवरून गायब होतं. कॉम्प्युटरवर ते झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं, त्यावर लाल फुली. बटण दाबून पुन्हा चालू केलं की काही झालंच नाही अशा थाटात चालू. कधीकधी संध्याकाळी गायब होतं, पण तेव्हा यंत्र चालूच असतं, फक्त सापडत नाही. डिस्क तपासाव्यात तर ठणठणीत. एप्रिलच्या मध्यावर सुरू झालेलं हे दुखणं मे संपता संपता सुटलं, आणि त्यातले पहिले तीन आठवडे मी चुकीच्या दिशेने पळत होतो.

माझं काम लग्नाच्या शूटिंगचं. परभणीत वसमत रोडला घर, घरातच एडिटिंग. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, कुठलंही लग्न असलं तरी दोन कॅमेऱ्यांचं मिळून अडीचशे-तीनशे जीबी घरी येतं. इतकी वर्षं ते बाहेरच्या छोट्या हार्डडिस्कवर टाकायचो. त्यांच्यावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर गाव आणि तारीख, आणि सगळ्या एका ड्रॉवरमध्ये. मागच्या वर्षी त्यातली एक टेबलावरून पडली आणि एका घरच्या हळदीचं शूटिंग गेलं. लग्न वाचलं होतं, हळद गेली. त्या घरी जाऊन हे सांगणं काय असतं ते ज्याने सांगितलंय त्यालाच माहीत. त्यानंतर ठरवलं की दोन डिस्क एकाच वेळी लिहिणारं, म्हणजे एकीवर जे जाईल तेच दुसरीवरही जाईल असं, मिररवालं यंत्र घ्यायचं. ८ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या.

यंत्र निवडताना मात्र घोळ झाला. नॅस म्हटलं की काळा प्लास्टिकचा डबा, पुढे हिरवे-निळे दिवे, मागे घूं घूं करणारा पंखा. हॉलमध्ये ते नको असं घरात एकमताने ठरलं. मग ऑनलाइन एक सापडलं. अॅल्युमिनियमचं गोलसर अंग, पुढे राखाडी कापडाची जाळी, वर लाकडाची पट्टी. आलेला पाहुणा त्याला हमखास स्पीकर समजतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खरं सांगायचं तर दोष तिचा थोडा आणि आमचा जास्त. पण हे ध्यानात ठेवा: या देखणेपणासाठी त्यांनी हवा जायच्या खाचा तळाशी लपवल्या होत्या, रबराचे पाय जेमतेम पाच मिलिमीटर ठेवले होते, पंखा अगदी मंद होता, आणि चालू-बंद दाखवणारा दिवा कापडाच्या आड होता. तोही रात्री डोळ्यावर येतो म्हणून आम्ही सेटिंगमधून बंद केला. थोडक्यात, यंत्र जिवंत आहे की गेलंय हे बघून कळायचा एकमेव मार्ग आपल्याच हाताने बुजवला.

पहिला संशय डिस्कवर

साहजिकच होता. नव्या डिस्कपैकी एक खराब निघाली असणार. स्मार्ट रिपोर्ट काढला. हा रिपोर्ट प्रत्येक हार्डडिस्क स्वतःच लिहीत असते, नॅसच्या पानावर स्टोरेजच्या आत कुठेतरी सापडतो. त्यात बऱ्याच ओळी असतात, पण घरच्या माणसाला चार-पाच पुरतात. ५ नंबरची ओळ म्हणजे खराब जागा सोडून दुसरीकडे हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे लिहिण्याचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे संशयित, अजून निकाल न लागलेले सेक्टर. या दोन्हींचा कच्चा आकडा शून्य असेल तर निदान पृष्ठभागाची काळजी नाही. १९९ वाढत असेल तर बहुतेक डिस्कचा नाही, जोडणीचा किंवा केबलचा प्रश्न. १९४ म्हणजे तापमान. माझ्याकडे ५, १९७, १९९ तिन्ही शून्य. वाढत होती ती १९२, म्हणजे वीज एकदम गेल्यामुळे डिस्कला आपलं डोकं घाईघाईने बाजूला घ्यावं लागलं त्याची मोजणी. दोन्ही डिस्कवर तोच आकडा, २३.

आता हे २३ म्हणजे सरळ पुरावाच होता की यंत्राची वीज मधूनमधून तुटतेय. पण यंत्र तर इन्व्हर्टरच्या बोर्डावर! इन्व्हर्टर असताना वीज तुटेल कशी, असं म्हणून मी ती ओळ सोडून दिली. हा पहिला मूर्खपणा.

दुसरा त्याहून मोठा. यंत्राचा लॉग, म्हणजे यंत्र स्वतःच वेळ टाकून लिहीत असलेली नोंदवही, उघडला. लाल रंगात दोनच प्रकारच्या नोंदी होत्या. एक: तापमान मर्यादेबाहेर गेल्याने यंत्र बंद करत आहे. तिच्यासमोर वेळा ०९:०८, ०९:१४, ०९:४१. दुसरी: मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं. तिच्यासमोर १४:३५, १४:५२, १५:१०.

बघा कसं चपखल बसलं. यंत्र गायब होतं दुपारी अडीच-तीनला, आणि लॉग म्हणतो १४:३५ ला वीज तुटली. म्हणजे दुपारचा प्रश्न विजेचा. राहिल्या तापमानाच्या नोंदी, तर सकाळी नऊला कसली गर्मी? सकाळी नऊला आमच्या घरात एकच मोठी गोष्ट होते, ती म्हणजे बोअरची मोटर लागते. मोटरच्या झटक्याने सेन्सर वेडावाकडा आकडा देत असणार, असा शोध मी लावला आणि आठवडाभर घरच्यांना नऊऐवजी सहाला मोटर लावायला लावली. आईने दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझ्या त्या डब्यापायी आम्ही पहाटं उठायलोत, आन् ते तर आजबी झोपलंच की."

वायरमनला बोलावलं. दुपारी वीज तुटते म्हटल्यावर त्याने सॉकेट बदललं, बोर्ड उघडून स्क्रू आवळले, न्यूट्रल तपासला. मग सरळ विचारलं, "दादा, दुपारी टीव्ही बंद पडायलाय का? कूलर?" नाही. "मग एकट्या ह्यालाच लाईट कशी काय कमी पडायली?" उत्तर नव्हतं. त्याचे पैसे दिले.

नेटवाल्याचंही तेच. "दादा, नेट चालू आहे. तुमची डबीच झोपायली."

तीन वाजले होते, लॉगमध्ये साडेनऊ

हे कळलं ते निव्वळ योगायोगाने. एक दिवस यंत्र पुन्हा गेलं. पुतण्या अल्बमचं डिझाईन करत होता, आतून ओरडला, "काका, गेलं बघा!" मी बटण दाबलं तेव्हा हॉलच्या घड्याळात बरोबर तीनचे ठोके पडले. यंत्र चालू झाल्यावर लॉग उघडला. सगळ्यात वरची, ताजी नोंद: यंत्र चालू झाले, ०९:३०.

यंत्राचं घड्याळ जागतिक वेळेवर होतं. भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. सुरुवातीला सेटअप करताना देश विचारला होता, मी "नंतर" दाबून पुढे गेलो होतो. म्हणजे ०९:०८ ची तापमानाची नोंद ही दुपारी २:३८ ची. आणि १४:३५ ला वीज तुटल्याची नोंद ही रात्री ८:०५ ची. मी दोन वेगळे आजार घेऊन बसलो होतो आणि प्रत्येकाचं औषध दुसऱ्याला देत होतो. तारखा नीट जुळवून पाहिल्या असत्या तरी संशय आला असता, पण वळीव एकदा सुरू झाला की तीन-चार संध्याकाळी लागोपाठ येतो, त्यामुळे तारखाही बऱ्याचदा एकमेकांवर पडत होत्या.

तेव्हा ज्याच्या घरी नॅस, कॅमेऱ्याचं रेकॉर्डर, राउटर, असलं लॉग लिहिणारं काहीही आहे, त्याने आधी टाइम झोन बघावा. आशिया/कोलकाता निवडायचं, खाली इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची खूण असते ती करायची. दोन मिनिटांचं काम. बाकी सगळं नंतर.

पण काही दुपारीच का?

घोळ सुटला तरी प्रश्न उरलाच. दुपारी गरम होऊन यंत्र बंद पडतं हे मान्य. आमच्याकडे मे महिन्यात ४३ अंश म्हणजे कुणी मान वर करून बघत नाही. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं आम्ही कौतुकाने म्हणतो, पण यंत्र मात्र जर्मनीच्या हवेचंच होतं: सोबतच्या कागदावर चालवायचं तापमान ० ते ४० अंश. दुपारी आमच्या हॉलमध्ये कूलर बंद असताना ३९-४० असतंच. म्हणजे काठावरच.

मग रोज का नाही बंद पडत? एका दिवशी बाहेर ४३ आणि यंत्र ठीक, दुसऱ्या दिवशी ४१ आणि यंत्र बंद. हे मला जास्त सतावत होतं. शेवटी वही काढली. रोज दर दोन तासांनी डिस्कचं तापमान, आदल्या संध्याकाळी लाईट गेली होती का, आणि यंत्र काय करत होतं, असे तीन रकाने. अकरा दिवस. पाचव्या-सहाव्या दिवशीच दिसायला लागलं: ज्या दुपारी यंत्र पडलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी वादळ येऊन लाईट गेलेली होती. एकही अपवाद नाही.

कारण असं. मिररच्या यंत्राची वीज एकदम गेली तर दोन डिस्कपैकी एकीवर शेवटचं लिहून झालं असेल आणि दुसरीवर राहिलं असेल अशी शक्यता असते. म्हणून परत चालू झाल्यावर यंत्र पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत दोन्ही डिस्क जुळवत जातं. याला रीसिंक म्हणतात. ८ टीबी डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबीने वाचली तरी जवळजवळ पंधरा तास लागतात. रात्री आठला लाईट गेली तर हे काम दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत चालायचं, आणि दहाला पुतण्या एडिटिंगला बसला की यंत्र त्याला जागा देण्यासाठी रीसिंक सावकाश करणार. म्हणजे दुपारचे दोन-तीन. दोन्ही डिस्क अठरा तास सलग पळताहेत, बाहेर ऊन टिपेला, आणि ६१ अंशाला यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. लाईट न गेलेल्या दिवशी डिस्क दुपारी निवांत असायच्या, ५३-५४ वर थांबायच्या.

त्यातली खरी भीती पुढे आहे. दुपारी बंद पडल्यामुळे रीसिंक अर्धवट. चालू केलं की उरलेलं सुरू. संध्याकाळी पुन्हा वादळ, की पहिल्यापासून. वहीवरून हिशेब केला तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चार दिवस माझ्या दोन डिस्क एकसारख्या आहेत याची यंत्राला स्वतःलाच खात्री नव्हती. ज्याच्यासाठी दोन डिस्कचे पैसे मोजले तेच नव्हतं, आणि पडद्यावर मात्र सगळं हिरवं. हळद गेलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटलं असेल ते सोडा.

यावरचा उपाय फार लपवून ठेवलेला असतो. बऱ्याच यंत्रांमध्ये मिररला बिटमॅपची सोय असते. कुठल्या भागात लिहिणं चालू होतं याची छोटी नोंद यंत्र ठेवतं आणि वीज गेल्यावर तेवढाच भाग जुळवतं. पंधरा तासांऐवजी काही मिनिटं. लिहिण्याचा वेग किंचित कमी होतो, तो घरी कळत नाही. माझ्या यंत्रात ही सोय होती, पण प्रगत सेटिंगमध्ये आणि मुळात बंद. चालू केली. एवढं एकच केलं असतं तरी दुपारची निम्मी कहाणी संपली असती.

शोकेस

आता आमचा दोष. यंत्र ठेवलं होतं हॉलच्या शोकेसमध्ये, काचेच्या सरकत्या दाराआड. एका बाजूला पंढरपूरहून आणलेली विठ्ठल-रखुमाईची मूर्ती, दुसऱ्या बाजूला मुलीच्या शाळेची ढाल. खाली लाल मखमल अंथरलेली, म्हणजे पाच मिलिमीटरचे रबरी पाय मखमलीत रुतून तळाच्या खाचा पूर्ण बंद. मखमल उचलून पाहिली तर तिच्यावर खाचांच्या आकाराची धुळीची नक्षी उठलेली होती, पंखा तेवढाच श्वास ओढत होता. आणि वरून, दुपारची झाडलोट झाली की, आई क्रोशाचा पांढरा रुमाल टाकून काच लावून घ्यायची. टीव्हीवर टाकायची, मिक्सरवर टाकते, मग यावर का नाही.

"आई, हे कामून झाकायलीस?"

"मग? एवढ्या महागाची वस्तू, धूळ बसायली त्याच्यावर."

तिचं चूक नव्हतं. मेमध्ये आमच्या काळ्या मातीची धूळ कुठे शिरत नाही? आणि वस्तूच अशी बनवलेली की तिच्यावर रुमाल घालावासा वाटावा. काळ्या डब्यावर तिने घातला नसता.

मी एक प्रयोग केला, तो सांगतो कारण पैसे खर्च न करता कुणालाही करता येईल. मुद्दाम पूर्ण तपासणी सुरू केली, म्हणजे डिस्क पळत राहतील, आणि दुपारी एकपासून अर्ध्या-अर्ध्या तासाने एकच गोष्ट बदलली. काच बंद, मखमल खाली, रुमाल वर: ६० पर्यंत चढलं, तिथेच थांबवलं. रुमाल काढला: ५९. यात आईला फार आनंद झाला, रुमाल निर्दोष ठरला. काच उघडली: ५६. मखमल काढून खाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवून यंत्र दोन सेंटिमीटर उचललं: ५१. म्हणजे खरा गुन्हेगार खालचा, वरचा नव्हे. ज्याची हवा तळातून जाते अशा कुठल्याही यंत्राला हे लागू आहे. राउटर असो, सेटटॉप बॉक्स असो.

आता यंत्र मधल्या खोलीत आहे, भिंतीला लागून, खाली शहाबादी फरशी. फरशी दुपारीही गार असते आणि तिथून हॉलच्या कूलरची वाट आहे. कूलरच्या थेट तोंडासमोर मात्र ठेवू नका. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, कूलरच्या फवाऱ्यातून क्षार उडतात आणि जाळीवर पांढरी पापुद्री धरते, तीच यंत्राच्या आत नको. देखणं यंत्र ज्वारीच्या कोठीशेजारी बसलंय. घरच्यांनी त्याबद्दल ऐकवायचं ते ऐकवलंय.

रात्रीचं दुखणं वेगळं

रात्री आठला इन्व्हर्टर असून यंत्राची वीज तुटत होती, ते १९२ वरच्या २३ चं उत्तर. घरगुती इन्व्हर्टरला लाईट गेल्याचं कळून बॅटरीवर जायला काही क्षण लागतात. पंखा-बल्बला ते कळत नाही, कॉम्प्युटरसारख्या वस्तूंना कळतं. म्हणून बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक बटण असतं: यूपीएस मोड आणि साधा किंवा इको मोड. यूपीएस मोडमध्ये बदल चटकन होतो, पण मग व्होल्टेज थोडं उतरलं तरी तो बॅटरीवर जातो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतंच. बॅटरी सारखी उतरते म्हणून कुणीतरी, बहुधा मीच, कधीतरी ते साध्या मोडवर टाकलं होतं.

मी आधी स्वस्तात सुटायला पाहिलं. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस आणला आणि नॅसला लावला. नॅस चालू व्हायचं, दोन सेकंदांत बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. कारण साडेतीन इंची हार्डडिस्क फिरायला लागते त्या क्षणी एकेक डिस्क १२ व्होल्टवर जवळपास दोन अॅम्पिअर ओढते. दोन डिस्कचे चार. मिनी यूपीएस दोन-तीनचाच असतो. तो आता राउटरला लावलाय आणि तिथे उत्तम चालतो.

मग ६०० व्हीएचा साधा कॉम्प्युटरचा यूपीएस घेतला, यूएसबी तारवाला. तोही आधी इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावला आणि लाईट गेल्यावर तो किंचाळायला लागला. आमचा जुना इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा, त्याची वीज यूपीएसला वीज वाटतच नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर हे होणार नाही. मी यूपीएस सरळ लाइनच्या सॉकेटवर घेतला. यूएसबी तार नॅसला जोडल्यावर यंत्राला कळतं की आपण बॅटरीवर आहोत, आणि पाच मिनिटांत लाईट आली नाही तर ते फाइली मिटून शिस्तीत बंद होतं. एक करायचं: वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हा, हे सेटिंग शोधून चालू ठेवा, नाहीतर सकाळी सगळे विचारतील पुन्हा का गेलं. आणि यूपीएस गरम कोपऱ्यात ठेवू नका. त्यातली बॅटरी २५ अंशांच्या हिशेबाने बनवलेली असते, दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं असं धरून चाला.

आता संध्याकाळचं "यंत्र चालू पण सापडत नाही" प्रकरण. लाईट जायची तेव्हा राउटरही क्षणभर बंद व्हायचा. घरगुती राउटर बंद झाला की कुणाला नेटवर्कवरचा कोणता नंबर, म्हणजे आयपी पत्ता, दिला होता ते साधारणपणे विसरतो. चालू झाल्यावर आधी मोबाईल धावत येतात, नॅस दोन-तीन मिनिटांनी उठतं, तोवर त्याचा जुना, शेवटी ७ असलेला नंबर पुतण्याच्या फोनने घेतलेला. नॅसला १२ मिळतो. आणि कॉम्प्युटरवरचा झेड ड्राइव्ह मी नंबर टाकून जोडलेला, तो बिचारा पुतण्याच्या फोनमध्ये लग्नाच्या फाइली शोधतोय. विंडोज म्हणतं नेटवर्क पाथ सापडत नाही, शेवटी ३५ असलेला एक लांबलचक आकडा दाखवतं, आणि माणूस समजतो डिस्क गेली.

उपाय राउटरमध्ये. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा, डीएचसीपीच्या, म्हणजे नंबर वाटण्याच्या, पानावर अॅड्रेस रिझर्वेशन असं काही असतं, तिथे नॅसच्या तळाच्या स्टिकरवरचा मॅक अॅड्रेस, म्हणजे यंत्राची नेटवर्कवरची ओळख, टाकून त्याला एक नंबर कायमचा बांधून द्यायचा. नॅसमध्ये जाऊन स्थिर नंबर देण्यापेक्षा हे बरं, कारण सगळा हिशेब एकाच जागी राहतो. आणि ड्राइव्ह जोडताना नंबराऐवजी यंत्राचं नाव वापरा.

पुतण्याच्या नव्या लॅपटॉपवर मात्र हे सगळं करूनही शेअर उघडेना. ते कारण निराळं. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या मोठ्या अपडेटपासून प्रो आवृत्तीत पासवर्ड नसलेलं पाहुणा खातं नेटवर्कवर चालत नाही. नॅसवर त्याच्या नावाचं खातं काढून पासवर्ड दिला, संपलं. एसएमबी एक, म्हणजे फाइली शेअर करायची जुनी पद्धत, चालू करा असा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका.

वेगाचंही एक सांगून टाकतो. २८० जीबीचं लग्न चढायला सात तास लागत होते, सेकंदाला ११ एमबी. ११ हा आकडा दिसला की समजा केबल. गिगाबिटला, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटच्या वेगाला, केबलमधल्या आठही तारा लागतात, एखादी जोडी तुटली किंवा कनेक्टर नीट दाबलेला नसला तर यंत्रं गुपचूप शंभर मेगाबिटवर उतरतात, ज्याला चारच तारा पुरतात. कनेक्टर नव्याने मारला, वेग ११० झाला, तेच लग्न पाऊण तासाच्या आत चढलं. इथे नॅसचा काडीचा दोष नव्हता.

पुण्याला राहणाऱ्या मेव्हण्याला बाहेरून यंत्र दिसत नाही, ते अजून तसंच आहे. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होतो आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये आहे, म्हणजे नेटवाल्याने अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता दिलाय. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडत बसण्यात अर्थ नाही, कंपनीच्या रिले सेवेतून जावं लागतं आणि ती सावकाश आहे. त्याला पेनड्राइव्ह पाठवतो.

तुमच्याकडे आता हेच होत असेल तर, यंत्र गायब झाल्या क्षणी बटण दाबू नका. आधी त्याला हात लावून बघा, गरम आहे का, आत काही फिरतंय का. माझ्या यंत्राच्या त्या धातूच्या अंगाला दुपारी हात लावला तर चहाने भरलेल्या स्टीलच्या पेल्याला लावल्यासारखा चटकन मागे यायचा, आणि आतून आवाज शून्य. आवाज येत असेल तर यंत्र जिवंत आहे, मग राउटरच्या यादीत त्याचा आत्ताचा नंबर बघा आणि तो ब्राउझरमध्ये टाका. उघडलं तर प्रश्न पत्त्याचा. नाहीच उघडलं तर केबल काढून घाला. बंदच असेल तर चालू करून पहिलं काम लॉग वाचायचं, घड्याळ शेजारी ठेवून. आणि तो कापडाआडचा दिवा चालू ठेवा.

काल संध्याकाळी पुन्हा वळीव आला, पत्रे वाजले, समोरच्या लिंबाची फांदी तारेवर आली आणि लाईट गेली ती सव्वादोन तास. सकाळी लॉग बघितला. २०:१७ बॅटरीवर. २०:२२ यंत्र व्यवस्थित बंद. २२:३४ चालू. रीसिंकची गरज नाही. आणि आत्ता दुपारचे अडीच वाजलेत, बाहेर ४२, डिस्क पहिली ४९, दुसरी ५०. १९२ नंबरची ओळ यूपीएस लावल्यापासून हललेली नाही.